दादाचा पंप

“थुंकी नको काका, बेडका हवा.”

बावीस वर्षं मी हे वाक्य दिवसातून दहा-पंधरा वेळा तरी म्हटलं असेल. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केलेल्या कुणालाही विचारा. सकाळी उठल्या उठल्या चूळ भरायची, दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि छातीतून खोकून काढायचं. एवढं समजावून हातात डबी दिली तरी निम्मे लोक लाळच भरून आणतात. (त्यांचाही दोष नाही म्हणा. परक्या बाईसमोर मोकळेपणाने खाकरणार कोण?)

मग आलेला नमुना छातीतला आहे की नुसताच तोंडातला, हे ओळखायचं कसं? स्लाइड रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. नुसत्या चपट्या, फरशीसारख्या पेशी दिसल्या तर त्या गालाच्या आतल्या, म्हणजे लाळ. पण पोटात काळे-तपकिरी ठिपके घेऊन बसलेल्या मोठ्या गोलसर पेशी दिसल्या, की हुश्श! हा नमुना खोलवरून आलाय. या पेशी फुप्फुसाच्या अगदी टोकाला, हवेच्या इवल्याशा फुग्यांमध्ये राहतात. आम्ही त्यांना ‘डस्ट सेल’ म्हणायचो. पुस्तकी नाव अल्व्हिओलर मॅक्रोफेज. मराठीत भक्षक पेशी म्हणतात, पण ते नाव ऐकून उगाच वाघ-सिंह डोळ्यांसमोर येतात, म्हणून मी आपलं मॅक्रोफेजच म्हणते. पोटातले ते काळे ठिपके म्हणजे काजळी, धूर, धूळ... माणसाने श्वासातून आत घेतलेली आणि या पेशींनी मुकाट्याने गिळून टाकलेली. बिडी ओढणाऱ्यांच्या स्लाइडवर तर त्या ढिगांनी असायच्या, पोटं तुडुंब भरलेल्या.

मला या पेशींचं कायम कौतुक वाटत आलंय. पण आज त्यांच्याबद्दल लिहायला बसले त्याचं कारण दादा आहे.

नातेवाइकांना माहीतच आहे, बाकीच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते. दादाला कॉलेजपासून दमा. त्याच्याकडे दोन पंप असतात. एक निळा, दम लागला की ओढायचा. दुसरा रोजचा, सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, त्यात स्टेरॉइड असतं. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर त्याने रोजचा पंप बंद केला. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती कमी होते, असं आमच्या घरच्या ग्रूपवर तीन जणांनी तीन वेळा लिहिलं होतं. पंपाऐवजी प्रतिकारशक्ती ‘वाढवणारं’ एक चूर्ण सुरू झालं. दोन महिने बरे गेले. श्रावणात एका रात्री अडीच वाजता वहिनीचा फोन आला. दादाला एक वाक्य धड पुरं करता येत नव्हतं. निळा पंप ओढून ओढून संपला होता.

तीन दिवस दवाखान्यात काढून तो घरी आला. आणि चौथ्या दिवशी ग्रूपवर पुन्हा तेच. “आता तर प्रतिकारशक्ती वाढवायलाच हवी.”

म्हणून हे लिहितेय. आत्या, रागावू नकोस. चूर्ण तुझं आहे, पण हे तुझ्याविरुद्ध नाही.

प्रतिकारशक्ती हा शब्दच मला जरा फसवा वाटतो. मोबाइलच्या बॅटरीसारखं काहीतरी शरीरात आहे, ते वीस टक्क्यांवर आलं की आजारपण आणि शंभरावर नेलं की तब्येत ठणठणीत, असं चित्र त्यातून उभं राहतं. पूर्ण शरीराचं मी सांगत नाही, तो माझा अधिकारही नाही. पण फुप्फुसाचं मात्र असं अजिबात नाही.

फुप्फुसाची जागा कशी आहे बघा. आपण दिवसाला साधारण दहा हजार लिटर हवा आत-बाहेर करतो. ती जाते चाळीस-पन्नास कोटी वायुकोशांमध्ये. हे सगळे वायुकोश उलगडून पसरले तर जवळपास बॅडमिंटनचं कोर्ट भरेल. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा काही ठिकाणी केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याइतका पातळ. पातळ नसेल तर प्राणवायू पलीकडे जाणारच नाही. आणि या हवेतून काय काय येतं? रिक्षाचा धूर, फोडणीचा खकाणा, गव्हाच्या पोत्यातली धूळ, बुरशीचे बीजाणू, शेजाऱ्याची शिंक.

पायाला गळू झालं तर काय होतं, आठवा. लाल होतं, सुजतं, ठणकतं, पू होतो, फुटतं, आठ दिवसांनी खपली धरते. पायाला ते परवडतं. वायुकोशात सूज म्हणजे पाणी, आणि पाणी भरलं की त्या फुग्यात हवेला जागा नाही. त्यामुळे इथे पहाऱ्यावर जे कोणी असेल त्याने आरडाओरडा न करता काम उरकणं फार महत्त्वाचं.

मॅक्रोफेज नेमकं तेच करते. २०२० साली कॅनडातल्या कॅल्गरीच्या संशोधकांनी जिवंत उंदरांच्या फुप्फुसात डोकावून याचं चित्रीकरण केलं. या पेशी एका जागी बसून राहतात असा समज होता. प्रत्यक्षात त्या सरपटत होत्या. एका वायुकोशातून दुसऱ्यात जायला बारीक छिद्रं असतात, त्यांतून पलीकडे जायच्या, जंतू दिसला की गिळायच्या. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्या जंतू गिळतात तेव्हा बाकीच्या पेशींना त्याचा पत्ताच लागत नाही. जंतू झाकला जातो. या पेशींचं सरपटणं संशोधकांनी मुद्दाम थांबवलं, तेव्हा त्याच जंतूंसाठी रक्तातून न्यूट्रोफिलच्या झुंडी धावून आल्या आणि फुप्फुसाला इजा झाली ती त्या झुंडींमुळे.

आमच्या वाड्यात पूर्वी कामाला एक मावशी यायच्या. आम्ही उठायच्या आत अंगण झाडून, सडा घालून मोकळ्या झालेल्या असायच्या. कचरा होता हे कधी कळायचंच नाही. त्या आजारी पडल्या तेव्हा आठवड्याभरात अंगणाचं जे काही झालं ते पाहून आजी म्हणाली होती, “बाई करत होती म्हणून दिसत नव्हतं.”

मॅक्रोफेजचं काम बंद पडलं तर काय होतं, याचाही एक आजार आहे. फार दुर्मिळ, पण सांगण्यासारखा. वायुकोश मिटून चिकटू नयेत म्हणून आतून साबणाच्या फेसासारखा एक पातळ थर असतो. हा थर सतत नवा तयार होतो आणि जुना काढून टाकावा लागतो. जुना काढण्याचं बरंचसं काम मॅक्रोफेजचं. काही लोकांच्या शरीरात या पेशींना पक्व करणाऱ्या संदेशाविरुद्धच प्रतिद्रव्यं तयार होतात. मग पेशी असतात, पण त्यांना काम जमत नाही. जुना थर साठत जातो, वायुकोश भरतात, माणसाला धाप लागते. जंतू नाही, गाठ नाही, नुसता न झाडलेला केर. १९५८ साली या आजाराचं पहिलं वर्णन छापून आलं. उपचार ऐकलात तर थक्क व्हाल. भूल देऊन, एक फुप्फुस श्वासासाठी ठेवून, दुसरं फुप्फुस कोमट सलाइनने चक्क धुतात! कित्येक लिटर पाणी आत घालायचं आणि काढायचं. सुरुवातीचं पाणी ताकासारखं पांढरं निघतं, मग हळूहळू नितळ होत जातं.

हे वाचल्यापासून माझ्या मनात फुप्फुसाचं आरोग्य म्हटलं की ढाल-तलवार येत नाही, केरसुणी येते.

आता न्यूट्रोफिलांकडे वळू. झुंडीने येणाऱ्या त्या पेशी. पिवळा-हिरवा बेडका पडला की आपण म्हणतो ना, कफ पिकला? तो हिरवा रंग जंतूंचा नसतो हो. न्यूट्रोफिलच्या पोटात एक हिरवट विकर असतं, त्याचा तो रंग. आम्ही स्लाइडवर ‘पस सेल्स’ मोजून रिपोर्टात लिहायचो, त्या म्हणजे याच. आपली अस्थिमज्जा रोज साधारण दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते. आयुष्य जेमतेम दिवस-दोन दिवसांचं. यायचं, गिळायचं, जंतुनाशक रसायनं ओतायची आणि मरायचं. न्यूमोनियात त्या आल्या नाहीत तर माणूस वाचणं कठीण. म्हणजे त्यांना नावं ठेवायला जागा नाही.

पण त्या जे ओततात त्याला जंतू आणि घरचा माणूस यातला फरक कळत नाही. त्यांच्याकडच्या एका विकराने फुप्फुसाला लवचीक ठेवणारे तंतूच विरघळतात. हे कसं कळलं त्याची गोष्ट लॅबवाल्यांच्या फार आवडीची आहे. १९६३ साली स्वीडनमधल्या माल्मोला लॉरेल नावाचे डॉक्टर रक्तातल्या प्रथिनांच्या पट्ट्या तपासत होते. पंधराशेच्या आसपास पट्ट्यांमधल्या पाच पट्ट्यांवर एक रेघ नव्हती. नसलेली रेघ दिसणं हे किती अवघड असतं, ते ज्याने हजारभर पट्ट्या पाहिल्या आहेत त्यालाच विचारा. त्यांनी एरिक्सन या तरुण डॉक्टरला बरोबर घेऊन त्या पाच जणांची माहिती काढली. त्यांतल्या तिघांची फुप्फुसं तरुण वयातच फुगून निकामी होत चालली होती. जी रेघ नव्हती ते प्रथिन न्यूट्रोफिलच्या त्या विकराला आवर घालणारं होतं. म्हणजे या लोकांच्या पेशी ठीक होत्या, ब्रेक नव्हता.

ब्रेकसाठी शरीर स्वतःच प्रथिन तयार करतं आणि ते नसलं तर फुप्फुस जातं, एवढं कळल्यावर ‘वाढवा, वाढवा’ ऐकलं की मला कससंच होतं.

दादाच्या बाबतीत मुख्य पात्र तिसरं आहे, इओसिनोफिल. स्लाइडवर या पेशी सगळ्यात देखण्या. केशरी-गुलाबी दाण्यांनी गच्च भरलेल्या, आणि मधोमध केंद्रकाच्या दोन फाका, चष्मा घातल्यासारख्या. जंतांशी लढायला या पेशी बऱ्या म्हणतात. पण दम्याच्या अनेक रुग्णांमध्ये या जंत नसताना श्वासनलिकांच्या भिंतीत गोळा होतात. निमित्त काहीही पुरतं. गादीतले धुळीचे किडे, पावसाळ्यात भिंतीवर आलेली बुरशी, मांजर. नलिका आतून सुजते, चिकट कफ धरते, भोवतीचे स्नायू आवळतात आणि छातीतून शिट्टी वाजायला लागते.

दम्याच्या रुग्णांच्या बेडक्यात कधी कधी लांबट, दोन्ही टोकांना अणकुचीदार स्फटिक दिसतात. शार्को-लायडन स्फटिक. एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहेत. आम्हाला शिकवताना सांगितलं होतं, की इओसिनोफिल मेल्यावर मागे उरणारा हा अवशेष आहे. दिसला की लिहायचा, बस. त्यात काही करण्यासारखं नाही. मीही तितक्याच निर्विकारपणे कितीतरी रिपोर्टांत तो लिहिला. २०१९ साली बेल्जियममधल्या गेन्टच्या संशोधकांनी दाखवलं की हे स्फटिक नुसते पडून राहत नाहीत, उंदरांच्या फुप्फुसात ते स्वतःच सूज पेटती ठेवतात, कफ वाढवतात. साक्षीदार म्हणून ज्याला दीडशे वर्षं बाकावर बसवून ठेवलं, तोही आरोपीच निघाला!

तर मुद्दा असा की दादाच्या छातीत पहारेकरी कमी पडले नव्हते. जास्त झाले होते आणि चुकीच्या वेळी कामाला लागले होते. रोजच्या पंपातलं स्टेरॉइड या इओसिनोफिलांना थोपवतं, त्यांना वेळेवर मरू देतं आणि सूज उतरवतं. निळा पंप फक्त आवळलेले स्नायू सैल करतो. त्याने मिनिटभरात बरं वाटतं, म्हणून तोच खरा वाटतो. पण आतली सूज तशीच राहते. नुसता निळा पंप वापरून दमा सांभाळू नका, असं दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून स्पष्ट म्हटलं आहे. त्याच वर्षीच्या जागतिक रोगभाराच्या आकड्यांकडे पाहिलं तर जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात होते, आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून जास्त. हवेचा दोष आहेच. पण ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’ या घराघरांतल्या वाक्यांचाही त्यात वाटा आहे, याबद्दल मला शंका नाही.

आता आत्याची बाजू. कारण तिची भीती हवेतून आलेली नाही.

२०२१ च्या मे महिन्यात दादाला कोविड झाला. तापाचा नववा दिवस, ऑक्सिजन ८६, एचआरसीटी स्कोअर १४. त्या दिवसांत हे आकडे आपल्या सगळ्यांना पाढ्यांसारखे पाठ झाले होते. मोठ्या मिनतवारीने खाट मिळाली. वहिनी रोज थर्मासमधून काढा पाठवायची, वॉर्डबॉयच्या हातापाया पडून. मला फोनवर डॉक्टर म्हणाले, “ताई, तुम्ही लॅबमधल्या आहात म्हणून सांगतो. विषाणू आता उतरणीला लागला असेल. आता त्यांच्या स्वतःच्याच पेशी थांबत नाहीयेत. त्यांना थांबवायचंय.”

थांबवायला दिलं ते डेक्सामिथासोन. म्हणजे पंपातल्या औषधाचा थोरला भाऊ. जुनं, स्वस्त औषध. १६ जून २०२० रोजी ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचा निकाल जाहीर झाला होता. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांमध्ये एक पंचमांशाने. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना फायदा काही नाही. हा शेवटचा भाग फार लोकांनी नीट ऐकला नाही. पेशींनी ज्या वेळी लढायला हवं तेव्हा त्यांना गप्प केलं तर नुकसान, आणि ज्या वेळी थांबायला हवं तेव्हा गप्प केलं तर जीव वाचतो. औषध तेच, दिवस वेगळा.

दादा अकराव्या दिवशी घरी आला. पण त्याच मजल्यावर तेव्हा दाखल असलेल्या एका गृहस्थांचा डोळा पुढे महिन्याभरात काढावा लागला. म्युकर. काळी बुरशी. ही बुरशी आपल्या भोवती सगळीकडे असते, बीजाणू रोज नाकातून आत जातात. मॅक्रोफेज ते गिळून रुजू देत नाहीत, रुजलेच तर न्यूट्रोफिल धावतात. रक्तातली साखर बेसुमार वाढलेली आणि त्यात स्टेरॉइड मोठ्या मात्रेत किंवा गरजेपेक्षा जास्त दिवस, असं झालं की हे दोन्ही पहारे ढिले पडतात. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात असे किती रुग्ण निघाले ते आपण पाहिलंय. दादालाही मधुमेह आहे. आत्या तेव्हा दिवसातून दोनदा त्याला व्हिडिओ कॉल लावून डोळा दाखवायला सांगायची. “उजवा दाखव. आता डावा.” तिच्या मनात स्टेरॉइड हा शब्द तिथे जाऊन बसला आहे, आणि तो तिथे का बसला हे मला पूर्ण कळतं.

फक्त त्या शब्दाखाली किती वेगवेगळ्या गोष्टी येतात ते पाहायला हवं. दादाच्या पंपातून एका वेळी मिळतं ते २०० मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. ते थेट श्वासनलिकेत जातं, रक्तात उतरतं ते फार थोडं. काहीच परिणाम नाही असं मी म्हणणार नाही. पंपाने तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते, कारण तिथलाही पहारा थोडा सैल होतो. म्हणून पंप घेतला की खळखळून चूळ भरायची, पाणी थुंकून टाकायचं. दादा ते नेमकं विसरतो. वहिनी, त्याच्या मागे लागायचंच असेल तर यासाठी लाग. आणि हिशेब असा आहे की रोजचा पंप सोडला आणि परवासारखा झटका आला, तर दवाखान्यात शिरेतून जे स्टेरॉइड द्यावं लागतं ते मिलिग्रॅममध्ये असतं. स्टेरॉइड टाळण्यासाठी पंप बंद करून दादाने तीन दिवसांत जेवढं घेतलं, तेवढं पंपातून घ्यायला कितीतरी महिने लागले असते.

चूर्णाबद्दल विचाराल तर मी त्याची शत्रू नाही. आलं, गवती चहा, तुळस घातलेला काढा मलाही आवडतो, पावसाळ्यात घशाला छान वाटतो. पण डब्यावर जे छापलेलं असतं, ‘इम्युनिटी बूस्टर’, त्याचा अर्थ काय घ्यायचा? कुठली पेशी वाढणार? मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल की इओसिनोफिल? दादाच्या छातीत इओसिनोफिल वाढवून कुणाचं भलं होणार आहे? सुदैवाने बहुतेक चूर्णं यातलं काहीच करत नसावीत, असा माझा आपला कयास आहे.

कोविडनंतर दादाला तिसऱ्या मजल्यावर जाताना मध्ये थांबावं लागतं, ते काही चूर्णाने किंवा पंपाने पूर्ण भरून येणार नाही. इतक्या मोठ्या जळपोळीत घरच्या मॅक्रोफेज मोठ्या संख्येने मरतात आणि त्यांच्या जागी रक्तातून नव्या येतात. त्यांना घरची रीत माहीत नसते. २०२१ सालीच बर्लिनच्या संशोधकांना गंभीर कोविड झालेल्यांच्या फुप्फुसात व्रणाचे तंतू वाढवणाऱ्या अशा मॅक्रोफेज आढळल्या. दादाच्या नंतरच्या स्कॅनमध्ये खालच्या बाजूला ज्या रेघा आहेत त्या बहुधा याच कामाच्या. डॉक्टर म्हणतात, वाढत नाहीत, तेवढं पुरे.

मग करायचं काय, असं वहिनीने परवा फोनवर विचारलं. पेशींना खायला काय घालू? मी म्हटलं, कमी घाल! इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये ठणठणीत लहान मुलांच्या बेडक्यातल्या मॅक्रोफेज तपासल्या होत्या, २००६ सालचा अभ्यास आहे. ज्या मुलांच्या पेशींच्या पोटात काजळी जास्त, त्यांची फुंकर कमी भरली. सिगारेट न ओढणारी मुलं ती. आपल्या घरात काय जळतं ते मोजा म्हणजे झालं. डासांची एक कॉइल रात्रभर जळली की ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असं २००३ सालच्या एका अभ्यासात मोजलं होतं. दादाच्या खोलीत खिडक्या लावून कॉइल जळायची! ती आता बंद झालीय, मच्छरदाणी आलीय. दादा म्हणतो, लहानपणीसारखं वाटतं.

दुसरं म्हणजे लशी. फ्लूने मॅक्रोफेज दुबळ्या होतात, कॅल्गरीच्या त्या उंदरांतही फ्लूनंतर त्यांचं सरपटणं बिघडलं होतं. आणि मग मागून साधे जंतू शिरतात. १९१८ च्या साथीत गेलेल्यांपैकी बहुतेक जण असे नंतरच्या जंतूंच्या न्यूमोनियाने गेले, हे त्या वेळी जपून ठेवलेल्या फुप्फुसांच्या स्लाइड पुन्हा तपासल्यावर दिसलं. दादाने डॉक्टरांना विचारून फ्लूची आणि न्यूमोकोकसची, दोन्ही लशी घेतल्या. दंड दुखतो म्हणून दोन दिवस कुरकुर केली, ती सगळ्या ग्रूपने वाचलीच आहे.

रोजचा पंप पुन्हा सुरू आहे. निळा पंप गेल्या सहा आठवड्यांत फक्त एकदा लागला, तोही हळदीकुंकवाच्या दिवशी, देवघरात धूप घातला तेव्हा. धुपाबद्दल मी आत्याशी बोलले. ती म्हणाली, विचार करून सांगते. अजून सांगितलेलं नाही.